मांडव दारी, कर्ज नको घरी



एप्रिल-मे आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या बौद्धवाड्यांतून मांडव उभे राहू लागतात. चाकरमानी कोकण रेल्वेने, एस.टी.ने गावी उतरतात, शाळांना सुट्टी असते, आंबा-फणस घरचा असतो. म्हणून लग्ने याच दिवसांत. आम्ही पडलो कारकुनी पेशातले. कुणी लग्नाचे बोलावणे घेऊन आले की, मुलगी काय शिकली हे विचारून झाल्यावर आमचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, पैसे कुठून उभे केलेत? उत्तर बहुधा खालच्या आवाजात येते. थोडे पतपेढीचे, थोडे बचत गटाचे, थोडे दागिना ठेवून आणि उरलेले ओळखीच्या माणसाकडून, महिना शेकडा दोन रुपये व्याजाने.

दोन रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. एका लाखावर महिन्याला 2,000 आणि वर्षाला 24,000 रुपये नुसते व्याज जाते, मुद्दल जिथल्या तिथे. मोठीचे लग्न थाटात झाले आणि धाकट्याने बारावीनंतर वही मिटून काम धरले, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या मांडवात जेवून आलेल्यांपैकी किती जणांना आज जेवणातले पदार्थ आठवत असतील?

लग्न लागायला मुळात लागते काय? बाबासाहेबांनी 4 डिसेंबर 1956 रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, एका कार्यकर्त्याला पत्राने बौद्ध विवाहाचा विधी कळवला होता. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये स्टुलावर मातीचे नवे मडके, काठोकाठ पाण्याने भरलेले. त्या पाण्यात सुती दोरा, एक टोक तिच्या हाती, एक त्याच्या. मंगलसुत्ताचे पठण आणि दोघांच्याही अंगावर पांढरे कपडे. आज आपले बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, प्रतिमांना पुष्पहार घालून मेणबत्त्या लावतात. हे सारे साहित्य बाजाराच्या एका पिशवीत मावते.

खुद्द बाबासाहेबांची दोन लग्ने या बाबतीत शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. रमाईंशी त्यांचे लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची विक्री आटोपल्यावर, रात्री. रमाई आपल्याच जिल्ह्याच्या, दापोली तालुक्यातल्या वणंदच्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. सकाळचा बाजार भरायच्या आत वऱ्हाडाने जागा मोकळी केली. ते दारिद्र्य होते, त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. पण 15 एप्रिल 1948 रोजी डॉ. सविता (तेव्हाच्या शारदा कबीर) यांच्याशी विवाह केला तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. तो विवाहही दिल्लीच्या राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने आणि मोजक्या माणसांत झाला. आम्हांला विचार करायला लावतो तो हा दुसरा विवाह.

मग आपला पैसा जातो कुठे? साखरपुड्याला वेगळे जेवण, हळदीला वेगळे, गावी लग्न आणि पुन्हा मुंबईत हॉल घेऊन स्वागत समारंभ. त्यात डीजे आला. कुणाला हळदीचे बोट लावायचे असेल तर आम्ही दारात उभे राहून भांडणार नाही. पण रात्रभर छाती हादरवणाऱ्या पेट्यांसाठी नवरीच्या आईची बांगडी गहाण पडावी, हे आम्हांला पटत नाही. साखरपुडा लग्नाच्याच सकाळी उरकावा. गाव की मुंबई हे दोन्ही घरांनी बसून एकदाच ठरवावे आणि तेव्हाच पाहुण्यांचा आकडा कागदावर लिहावा. आकडा न ठरवता केलेला हिशोब म्हणजे तळ फुटलेला टोप.

गावी करायचे ठरले तर पुष्कळ गोष्टी घरच्या घरी होतात. नारळाच्या झावळ्या विणून झाप करणारी माणसे अजून वाडीवाडीत आहेत. आठ दिवस आधी चार जण बसले तर मांडव शाकारून होतो. वासे-बांबू शेजाऱ्यांचे, काम झाले की परत. एवढे मात्र सांभाळावे की चूल मांडवापासून लांब हवी. मे महिन्यातला वाळका झाप ठिणगीची वाटच पाहत असतो. मंचामागे पांढरे धोतर ताणून लावावे, विहारातल्या प्रतिमा मांडाव्यात आणि अबोली-मोगऱ्याचे हार वाडीतल्या मुलींनी आदल्या संध्याकाळी ओवावेत. नवरीला साधी पांढरी सुती साडी घेऊन बहिणीने तिला निळा काठ शिवला तर ती साडी पुढे बुद्धपौर्णिमेला आणि 14 एप्रिललाही नेसता येते. हजारोंचा शालू मात्र पेटीत पडून राहतो.

जेवणाचे गणित सांगतो. दोनशे पानांना वीस किलो तांदूळ पुरतात. काळ्या वाटाण्याची आमटी करावी. आठ किलो वाटाणे आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत, नाहीतर दुपारी बारा वाजेपर्यंत चुलीवर टणकच राहतात. एप्रिलमध्ये लग्न असेल तर कोवळ्या फणसाची भाजी. तो चिरताना हाताला आणि विळीला तेल चोळावे, चीक धरत नाही. गोडाला तांदळाची खीर. मठ्ठ्याऐवजी कोकम सरबत द्यावे. पिकल्या रातांब्यांच्या साली साखरेत मुरवून बरणी उन्हात ठेवली की अमृत कोकम घरीच तयार होते. सोलकढीचा मोह आम्ही टाळायला सांगतो. नारळाचे दूध त्या उकाड्यात लवकर बिघडते आणि दोनशे पोटांचा प्रश्न असतो. घरचे ते सगळे स्वस्त आणि चांगले, असेही समजू नये. जिलेबीचा घाट घरी घातला की तेल, जळण आणि वाया गेलेला माल धरून ती बाजारापेक्षा महाग पडते.

आता जरा नाजूक मुद्दा. 'घरच्या घरी' या शब्दाचा अर्थ व्यवहारात 'बायकांनी' असा होतो. वाटप वाटायचे त्यांनी, नारळ खवायचे त्यांनी, टाक्या कोरड्या असतात त्या दिवसांत पाणी आणायचे त्यांनी, आणि पुरुष मंडळी मांडवात खुर्च्या टाकून मानपानाचे ठरवणार. अशाने वाचलेला पैसा हा वाचलेला नव्हे, तो आईच्या आणि काकूच्या पाठीतून काढलेला असतो. बाबासाहेबांनी 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे. ती बरोबरी मांडवातच सुरू व्हावी. पाणी, लाकूड, मोठे टोप उतरवणे आणि खरकटे काढणे ही कामे तरुणांच्या नावावर आधीच लिहून टाकावीत. नवऱ्या मुलाचे नावही त्यात असावे. नारळ खवायला पुरुष बसले म्हणून कुणाची इज्जत गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आहेराचे साडी-टॉवेल थांबवावेत. ते या घरातून त्या घरात फिरत राहतात, वापरत कुणी नाही. द्यायचेच असेल तर वाडीतल्या प्रत्येक घराने किलोभर तांदूळ आणि दोन नारळ द्यावेत. जेवणाचा निम्मा भार उतरतो आणि पुढच्या लग्नात तो फेडताही येतो. सामुदायिक विवाहात भाग घेणाऱ्या मागासवर्गीय जोडप्यांसाठी समाजकल्याण विभागाची कन्यादान योजना आहे. रक्कम आणि अटी कार्यालयात विचारून घ्याव्यात. नाव आम्हांला खटकते, मुलगी ही दान द्यायची वस्तू नव्हे. पण नावासाठी हक्काचा पैसा सोडू नये.

राहिली नोंदणी. थाटामाटाच्या गडबडीत हीच राहून जाते आणि पुढे काही वादाचा प्रसंग आला की मुलीच्या हाती पुरावा नसतो. 1998 च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे लग्नानंतर 90 दिवसांच्या आत अर्ज द्यावा. गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगर परिषदेकडे. दोघांच्या वयाचे दाखले, लग्नपत्रिका, विधीचा फोटो आणि तीन साक्षीदार तयार ठेवावेत. साक्षीदार चाकरमानी असतील तर ते परतीच्या गाडीला बसण्यापूर्वीच त्यांच्या सह्या उरकाव्यात. दाखल्याच्या दोन प्रती घ्याव्यात आणि एक मुलीच्या स्वतःच्या पेटीत ठेवावी.