गोळी वरून टाकू नका

आपल्या आज्याला पाणी वरून ओतत. भाकर वरून टाकत. नातवाला आता गोळी वरून टाकतात. जाळीच्या खिडकीतून पुडी येते, मागून आवाज येतो, ‘सकाळ-संध्याकाळ एकेक. चल, पुढचा!’ संपला दवाखाना.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत औषधं बनतात. त्या पावडरीचे ड्रम आपली माणसं उचलतात. ठेक्यावर. आमच्या चाळीतला एक काका त्यातलाच. रक्तात साखर निघाली. नाक्यावरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. पैसे पुरेनात म्हणून सरकारी दवाखाना धरला. तिथे ग्लिमेपिराइडची पुडी मिळाली. स्ट्रिप कापलेली, नाव कात्रीखाली गेलेलं. ही गोळी साखर खाली खेचते, जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर माणूस कोसळतो, हे त्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. पहिली पाळी. पहाटे चहा नि गोळ्या, डबा दुपारी. तिसऱ्या दिवशी ड्रमपाशी घाम फुटला, हात थरथरले, जीभ अडखळली, तोल गेला.

सुपरवायझर काय म्हणाला? ‘पिऊन आलाय साला.’

वस्ती कुठली ते त्याला ठाऊक होतं. तेवढ्यावर निदान झालं. गेट बंद झालं. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाच्या कपाळी दारूचा शिक्का! शुद्धीवर होता तोवर साखरेचं पाणी पाजलं असतं, तर उठून बसला असता.

याला अपघात म्हणू नका. ही चोरी आहे. गोळीबरोबर जे दोन शब्द द्यायचे, ते चोरले.

कायदा काय म्हणतो? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत लिहिलंय : औषधाचं नाव, मात्रा, कधी नि कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, एखादी गोळी चुकली तर काय करायचं, हे फार्मासिस्टने रुग्णाला समजावून सांगायचं. २००८ पासून या देशात सहा वर्षांचा फार्म. डी. शिकवतात, रुग्णाशेजारी बसून औषधाचा हिशेब लावणारे फार्मासिस्ट घडवायला. बसवता कुठे त्यांना? आमच्या वस्तीच्या बाकावर का नाही?

पुढे काकाला दुसऱ्या दवाखान्यात एक पोरगी भेटली. फार्मासिस्ट. खिडकी सोडून बाहेर आली, बाकावर शेजारी बसली. ‘काका, जेवता किती वाजता? पाळी कुठली? घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या.’ पिशवी उलटी केली तर काय, नाक्यावरची नि सरकारी, दोन्ही एकच गोळी! नावं तेवढी वेगळी. डॉक्टरला विचारून एक बंद केली. पुडीवर सूर्य नि ताट काढून दिलं. खिशात साखर ठेवायला लावली. दहा मिनिटं लागली. त्यानंतर काका पडला नाही. म्हणतो, ‘बावन्न वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, मी कधी जेवतो.’

पण ती पोरगीही ठेक्यावर. रांग पार रस्त्यापर्यंत. तिच्याशी आपलं वैर नाही. शंभर माणसांमागे एक खिडकी ठेवणाऱ्यांशी आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकर अहवाल त्यांच्याच काळात, १९४४ साली आला. १९४८ साली ईएसआयचा कायदा झाला. म्हणजे औषध ही भीक नव्हे, घामाचा मोबदला आहे. ठेकेदार रजिस्टरातून नाव दडवतो तेव्हा तोही कात्रीच चालवतो.

१९७२ साली दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरनी १९७० च्या सुमारास काळ्या वस्त्यांत स्वतःचे मोफत दवाखाने उघडले. पोरांनो, आपण निदान खिडकीशी तरी उभे राहू. म्हाताऱ्यांच्या पुड्या हातात घेऊ. विचारू : नाव काय? कधी घ्यायची? जेवणाआधी का नंतर? नाव दिसेल अशी स्ट्रिप द्या. मराठीत लिहून द्या. रांगेच्या मानाने फार्मासिस्ट नेमा, कायम नेमा, आणि त्याला खिडकीबाहेर बसवा.

उत्तर मिळेपर्यंत रांग हलणार नाही. गोळी हातात द्या, डोळ्यांत बघून द्या, सांगून द्या.

जय भीम!