वर्गणीचा डॉक्टर आणि विम्याची छत्री

कुटुंबाचा डॉक्टर दरमहा ठराविक वर्गणी देऊन बांधून घ्यावयाचा आणि मोठ्या दुखण्यासाठी विमा निराळा उतरवावयाचा, अशी एक व्यवस्था गेल्या दोन दशकांत अमेरिकेमध्ये हळूहळू रुजत आहे. तिला तेथे डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात. माणशी महिन्याला साधारणतः पन्नास ते दीडशे डॉलर वर्गणी भरली, की त्या डॉक्टरकडे हवे तितक्या वेळा जाता येते; दर भेटीचे बिल नाही की विमा कंपनीकडे कागद पाठविणे नाही. या सदस्यत्वाच्या जोडीला कोणता विमा घ्यावा, हा प्रश्न आज तेथील लहान व्यावसायिक, स्वतंत्र कारागीर आणि नोकरीबरोबर विमा न मिळालेले कामगार यांच्यापुढे उभा आहे. वरवर पाहता हा घरगुती हिशेबाचा प्रश्न दिसतो. परंतु त्याचे धागे सोडवू लागले की समाजाने आजाराची जोखीम कशी वाटून घ्यावी, या मूलभूत प्रश्नापाशीच आपण येऊन पोहोचतो.

प्रथम या व्यवस्थेच्या गुणांची नोंद घेणे न्यायाचे होईल. खोकला, ताप, रक्तदाब यांसारख्या नित्याच्या बाबींचा पैसा विमा कंपनीमार्फत फिरविणे म्हणजे मोटारीत तेल भरण्यासाठीही विम्याचा दावा दाखल करण्यासारखे आहे. त्या फिरवाफिरवीत कारकून पोसले जातात आणि डॉक्टरला रोग्यापेक्षा अर्जाकडे अधिक वेळ द्यावा लागतो. वर्गणीवर चालणारा डॉक्टर थोडे रोगी घेतो, त्यांना निवांत तपासतो, दूरध्वनीवर उपलब्ध असतो. आपल्याकडील जुन्या फॅमिली डॉक्टरची आठवण व्हावी असे हे नाते आहे. लोक त्याकडे वळले, यात नवल नाही.

परंतु वर्गणी म्हणजे विमा नव्हे, ही गोष्ट पहिल्या दिवशीच मनावर कोरून घेतली पाहिजे. अपघात, शस्त्रक्रिया, कर्करोग, बाळंतपण यांपैकी कशाचाही रुग्णालयाचा खर्च त्या वर्गणीत येत नाही. तेथील अनेक राज्यांच्या कायद्यांनीही हा व्यवहार विमा नाही असेच ठरविले आहे. त्यामुळे विमा कंपनीवर असते तशी सरकारी देखरेख त्यावर नाही. सिएटल शहरात 2007 साली सुरू झालेली आणि या चळवळीची अग्रदूत मानली गेलेली क्लायन्स ही संस्था 2017 साली बंद पडली, आणि तिच्या सदस्यांना नवा डॉक्टर शोधावा लागला. विमा नसल्याबद्दलचा केंद्रीय दंड 2019 पासून शून्यावर आणण्यात आला असल्यामुळे केवळ वर्गणीवर भागविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो मोह घातक आहे. एका रात्रीच्या अपघाताने घर विकावे लागते, ते वर्गणीने वाचत नाही.

मग विमा निवडावा कसा? येथे बहुतेकांची चूक एकच होते : ते हप्ता पाहतात. खरे पाहता नित्याच्या दुखण्याची तजवीज वर्गणीने झालेली असल्याने विम्याची परीक्षा चांगल्या वर्षात नव्हे, तर वाईट वर्षात करावयास हवी. दोन काल्पनिक योजना घेऊ. पहिलीचा हप्ता महिना 400 डॉलर आणि रोग्याने वर्षात खिशातून भरावयाच्या रकमेची कमाल मर्यादा 10,600 डॉलर; 2026 सालासाठी कायद्याने एका व्यक्तीकरिता घालून दिलेली कमाल मर्यादा हीच आहे. दुसरीचा हप्ता 600 डॉलर, पण मर्यादा 5,000. डॉक्टरची वर्गणी दोहोंतही महिना 80, म्हणजे वर्षाला 960. निरोगी वर्षात पहिलीत 5,760 डॉलर जातात, दुसरीत 8,160. परंतु मोठे आजारपण आले तर पहिलीत 16,360 आणि दुसरीत 13,160. म्हणजे स्वस्त योजना ही केवळ निरोगी माणसालाच स्वस्त असते. ज्याच्या गाठीला दहा-अकरा हजार डॉलर आहेत त्याने पहिली घ्यावी. ज्याच्याजवळ ते नाहीत, त्याला तिचा कमी हप्ता परवडत नाही.

दुसरी बाब मधल्या दरीची. वर्गणीचा डॉक्टर सर्दीपडशापुरता आहे, विमा रुग्णालयापुरता आहे. पण तज्ज्ञ डॉक्टर, मोठ्या यंत्रावरील तपासण्या, मधुमेहाची महाग औषधे यांचे काय? विम्याने पैसे देण्यापूर्वी रोग्याने स्वतः सोसावयाच्या रकमेला तेथे डिडक्टिबल म्हणतात. ही रक्कम भरेपर्यंत वरील बहुतेक खर्च रोग्याच्याच अंगावर पडतो. शिवाय डॉक्टरला दिलेली वर्गणी त्या रकमेत सामान्यतः मोजली जात नाही. ज्या योजनांत कंपनीच्या यादीतील प्राथमिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही, त्या योजनांत वर्गणीच्या डॉक्टरची चिठ्ठी बहुधा निरुपयोगी ठरते, कारण तो त्या यादीत नसतो. तेव्हा चिठ्ठीची अट नसलेली योजना, जवळचे रुग्णालय यादीत आहे की नाही आणि आपली नेहमीची औषधे तीत बसतात की नाही, या तीन गोष्टी सही करण्यापूर्वी तपासल्याच पाहिजेत.

स्वस्ताईच्या नावाखाली आणखी दोन वस्तू बाजारात मांडलेल्या असतात. एक, धर्मबांधवांनी परस्परांची बिले वाटून घेण्याच्या संस्था. दुसरी, अल्पमुदतीचे विमे. पहिलीत सद्भावना असेल, पण पैसे देण्याचे कायदेशीर बंधन नाही. दुसरीत आधीपासून असलेल्या आजाराला दार बंद असते. ज्याला विम्याची खरी गरज, त्यालाच वगळणारी ही छत्री पाऊस येताच मिटते. 2010 च्या आरोग्य कायद्याने आजारी माणसाला नाकारण्यास जी बंदी घातली, तिचे मोल अशा वेळी कळते.

2025 च्या जुलैमध्ये झालेल्या नव्या कायद्याने या निवडीत आणखी एक घटक आणला. महिना 150 डॉलरपर्यंतची, आणि एकाहून अधिक माणसांसाठी 300 पर्यंतची वर्गणी असल्यास 1 जानेवारी 2026 पासून करमुक्त आरोग्य बचत खाते ठेवता येते आणि त्यातूनच वर्गणी भरता येते. सरकारी विमा बाजारातील ब्राँझ नावाच्या, म्हणजे कमी हप्त्याच्या पण मोठा भार रोग्यावर टाकणाऱ्या योजनाही आता या खात्यास पात्र झाल्या आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी या सवलतीचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु करसवलत ही ज्याचा कर अधिक त्यालाच अधिक मिळते. ज्याच्या हाती बचतच नाही, त्याचे खाते रिकामेच राहणार. आणि हप्त्यावरील जी वाढीव मदत 2021 पासून मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळत होती, तिची मुदत 2025 अखेर संपली. एका हाताने बचतीला उत्तेजन आणि दुसऱ्या हाताने मदतीला कात्री, यातून धोरणाची दिशा स्पष्ट होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस यात काही नवे नाही. आरोग्य ही बाजारातील इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हे, हे केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 सालीच दाखविले होते. रँड संस्थेने 1974 ते 1982 या काळात अमेरिकेतच केलेल्या मोठ्या प्रयोगात असे आढळले, की खिशातून पैसे द्यावे लागले म्हणजे लोक अनावश्यक उपचार कमी करतात तसे आवश्यक उपचारही कमी करतात. मोठ्या डिडक्टिबलचा विमा हे त्याच प्रयोगाचे राष्ट्रव्यापी रूप होय. शिवाय प्रत्येक वर्गणीचा डॉक्टर जितके रोगी कमी घेतो, तितके रोगी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभे राहतात. एकाला मिळालेला निवांतपणा दुसऱ्याच्या रांगेतून येतो.

याचा अर्थ वर्गणी भरणारे कुटुंब दोषी आहे असा नव्हे. त्याने शहाणपणाने निवड करावी, वाईट वर्षाचा हिशेब आधी मांडावा. दोष आहे तो, जो निर्णय समाजाने एकदाच घ्यावयाचा तो दरवर्षी प्रत्येक घरावर लादणाऱ्या व्यवस्थेचा. आपणही हसण्याचे कारण नाही. प्राथमिक आरोग्यसेवा हा पाया मानणारा भोर समितीचा अहवाल 1946 साली आपल्या हाती आला. तरीही आपल्या सरकारी विमा योजनांचा भर आज रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यावरच आहे, आणि रोजच्या औषधपाण्याचा खर्च गरिबाच्या खिशातूनच होतो. दोन तुकडे तेथेही आहेत, येथेही आहेत. तेथे मधली दरी डॉलरने भरतात, येथे ती सावकाराच्या कर्जाने भरली जाते. दवाखाना आणि रुग्णालय, लहान दुखणे आणि मोठे दुखणे, ही एकाच शरीराची सुखदुःखे आहेत. त्यांची तजवीजही एकाच सामाईक निधीतून झाली पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडत राहिले पाहिजे.