‘चांगला’ या शेऱ्याची शिक्षा

वीस-बावीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाला एके दिवशी असे दिसते की, ज्यांना आपण काम शिकविले, तेच आता आपले साहेब झाले आहेत. अशा वेळी आपल्याकडे वशिला, राजकारण आणि नशीब ही तीन ठरीव स्पष्टीकरणे पुढे येतात. त्यांत तथ्य नसतेच असे नव्हे. पण ती पुढे करून आपण मूळ प्रश्नाला बगल देतो. बढती का थांबली, हे त्या माणसाला कोणी कधी स्पष्ट शब्दांत सांगितले होते काय?

यातील एक कारण निव्वळ गणिती आहे. कोणत्याही आस्थापनेत वर जावे तशा जागा कमी होत जातात. सर्वांना वर जाता येणे शक्यच नसते. हे वास्तव स्वीकारूनच केंद्र सरकारने १९९९ मध्ये, बढती न मिळालेल्यांना १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी योजना आणली. सप्टेंबर २००८ पासून हे टप्पे १०, २० आणि ३० वर्षे असे झाले. पद नाही, तर निदान पगार तरी वाढावा, हा त्यामागील विचार. येथे दोष कोणाचाच नसतो.

जागा रिकामी असूनही माणूस मागे राहतो, तेव्हा मात्र प्रश्न गंभीर होतो. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याने त्याचे मर्म उघड केले. सीमा रस्त्यांच्या बांधकाम सेवेतील या कार्यकारी अभियंत्याची अधीक्षक अभियंतापदी बढती अडली. का? तर १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता आणि बढतीसाठी ‘अत्युत्तम’ शेरा आवश्यक होता! शेरा प्रतिकूल नव्हता, म्हणून तो त्यांना कळविण्यात आला नव्हता. म्हणजे कागदावर स्तुती आणि परिणामात शिक्षा. तीही आरोपीला न सांगता दिलेली.

१२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शेरा वाईट असो, चांगला असो वा उत्कृष्ट, तो कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे. न कळविणे ही मनमानी ठरते. तोवर हे अभियंते निवृत्त झाले होते. शेरा सुधारला गेला, तर त्यांचा बढतीसाठी पूर्वलक्षी विचार व्हावा, असा आदेश न्यायालयाने दिला. मात्र त्या पदावर प्रत्यक्ष काम करण्याचे दिवस कोणते न्यायालय परत देणार? २००९ मध्ये केंद्राने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखविण्याची आणि त्यावर १५ दिवसांत म्हणणे मांडू देण्याची पद्धत सुरू केली. २०१३ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने हेच तत्त्व पक्के केले. पुढे २०१६ मध्ये वर सांगितलेल्या वेतनश्रेणीच्या योजनेसाठीही ‘चांगला’ऐवजी ‘अत्युत्तम’ हा निकष आला. साहजिकच ‘चांगला’ या शब्दाचे मोल आणखी उतरले.

नियम बदलले, वृत्ती बदलली काय? हाताखालच्या माणसाला त्याच्या उणिवा तोंडावर सांगणे हे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते. वर्षभर ‘छान चालले आहे’ म्हणणारा साहेब मार्चअखेर मधलाच शेरा लिहितो आणि मोकळा होतो. खाजगी कंपन्यांत तर पूर्वीच ठरलेल्या प्रमाणात कर्मचाऱ्यांना श्रेणी वाटण्याची रीत रूढ झाली. तेथे सगळा चमू चांगला असला, तरी कोणाला तरी खाली बसवावेच लागते. त्याचे खरे कारण त्याला कोण सांगणार?

कर्मचाऱ्याचीही एक जबाबदारी आहे. आपले टेबल उत्तम सांभाळणे ही बढतीची हमी नव्हे. वरच्या पदाला दुसऱ्यांकडून काम करवून घेणे, निर्णय घेणे, मतभेद हाताळणे असे वेगळेच गुण लागतात. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, खालच्या कामातील कौशल्यावर वर चढविलेला माणूस अखेर त्याला न झेपणाऱ्या पदावर येऊन थांबतो. शिवाय ‘याच्यावाचून इथले काम अडते’ अशी ख्याती झालेल्या माणसाला साहेब सहसा तेथून हलू देत नाही. म्हणून आपल्या कामाला वारस तयार करणे हीच पुढे जाण्याची पहिली पायरी आहे.

अहवाल मागून घ्यावा, नीट वाचावा. तो पटला नाही, तर मुदतीत लेखी म्हणणे मांडावे. हे भांडण नव्हे, हा अधिकार आहे. आणि लेखणी ज्यांच्या हाती आहे त्यांनी ध्यानी घ्यावे की, बढती नाकारणे हा अन्याय असेलच असे नाही. मात्र कारण न सांगता नाकारणे हा अन्यायच होय. माणूस नकार पचवू शकतो, परंतु मौन त्याला आतून पोखरते. त्यात एक उमेदीचा माणूस वाया जातो, तसेच ती संस्थाही दुबळी होते.