माननीय आरोग्यमंत्री, दहा दिवसांनंतरच्या रात्रींचं काय?

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: गर्द आणि अफूच्या जातीच्या गोळ्या सोडणाऱ्या रुग्णांना झोप आणि नैराश्यावरचे उपचार तालुक्याच्या पातळीवर मिळण्याबाबत.

महोदय,

या विषयावरचे माझे अर्ज सरकारदरबारी पडून आहेत, त्यामुळे सगळी पार्श्वभूमी पुन्हा लिहीत बसत नाही. एका कार्यालयाने कळवलं, हा विषय दुसऱ्या विभागाचा. दुसऱ्याने कळवलं, औषधं पहिला विभाग पुरवतो. ऑनलाइन तक्रारीवर ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ एवढाच संदेश आला. कुणी निकाली काढली, कशी काढली, रुग्णाला काय मिळालं, याचा पत्ता नाही. म्हणून आता उघड लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ व्यसनातून बाहेर येतो आहे. ट्रकवर होता. दिवसा कांद्याच्या गोण्या भरायच्या, रात्री गाडी हाकायची. कंबर धरली म्हणून ढाब्यावर कुणीतरी गोळी दिली. पुढे गोळीशिवाय स्टिअरिंगवर बसवेना, आणि गोळ्याही पुरेनाशा झाल्या तेव्हा गर्दची पावडर आली. ‘मला सोडवा’ असं त्यानं आपणहून सांगितलं. आम्ही त्याला दाखल केलं. दहा दिवसांनी डिस्चार्ज कार्ड हातात आलं: प्रकृती समाधानकारक, व्यसनापासून दूर राहावे. खाली सही, शिक्का. झोपेबद्दल एक ओळ नाही, मनाबद्दल एक ओळ नाही, पुढच्या तारखेची जागा कोरी.

या दहा दिवसांना नशा करणारी पोरं ‘टर्की’ म्हणतात. शेवटचा झुरका ओढल्यावर आठ-बारा तासांत ती सुरू होते. डोळ्यांतून, नाकातून पाणी, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, हाडं कुणी पिळतंय असा ठणका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि आठवडा-दहा दिवसांत उतरते. तिच्यात माणूस सहसा मरत नाही. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊ दिलं नाही, रक्तदाबाची क्लोनिडीन आणि अंगदुखीच्या गोळ्या दिल्या, तर निभावून जातं. तुमची यंत्रणा एवढंच निभावते आणि रुग्ण बरा झाला म्हणून घरी धाडते.

साहेब, त्यानंतरच्या एखाद्या रात्री दोन वाजता आमच्या घरी या. तो अंथरुणावर पडून पाय झाडत असतो. झाडतो म्हणजे मुद्दाम नव्हे. पाय आपोआप उडतात, स्थिर ठेवले की आतून मुंग्या चढतात. उठतो, ओट्यावर जातो, गार फरशीला तळवे घासतो, परत येतो. आई काशाच्या वाटीनं तळपायाला तेल घासत बसते. पाऊण तास डोळा लागतो आणि तो घामानं भिजून जागा होतो. पहाटे नगर-पुणे रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न वाढले की भिंतीकडे तोंड करून पडतो. दिवसा जेवायला बोलावलं तर येतो, घास फिरवतो. त्याच्या लहान मुलीनं हाक मारली तरी चेहरा हलत नाही. एकदा मला म्हणाला, ‘दादा, दुखणं गेलं, पण काहीच बरं वाटत नाही. बरं वाटणं म्हणजे काय तेच आठवत नाही.’ त्या दिवसापासून आम्ही फवारणीच्या औषधाच्या बाटल्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवल्या आहेत आणि रात्री पाळीपाळीनं जागतो.

हे त्याच्या मनाच्या कमकुवतपणानं होत नाही. गावात तसं बोललं जातं आणि वाईट याचं वाटतं की पांढऱ्या कोटातली माणसंही तसंच बोलतात. शरीर वेदना शमवणारं स्वतःचं रसायन बनवत असतं. वर्षानुवर्षं बाहेरून अफूचा माल मिळाला की ती व्यवस्था मंदावते. मेंदूला जागं ठेवणारा नॉरअॅड्रेनलीनचा स्राव अफूनं दाबून ठेवलेला असतो, तो अफू थांबताच उसळतो. आनंद जाणवून देणारी यंत्रणा बधिर झालेली असते. ठणका दहा दिवसांत जातो, पण झोप आणि उभारी परत यायला कित्येक आठवडे, काहींना महिने लागतात. या काळात माणसाला पक्कं माहीत असतं की एका झुरक्यात झोप लागेल. बहुतेक जण पुन्हा तिकडे वळतात ते याच काळात. आणि वळले की धोका पहिल्याहून मोठा, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जेवढी पावडर रोज पचायची, तेवढ्यानंच श्वास थांबतो. हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर छापायला किती शाई लागते?

झोपेसाठी घरचे लोक काय करतात तेही ऐका. मेडिकलमधून अल्प्राझोलामसारखी गोळी कुणाच्या तरी ओळखीनं आणतात. तिची सवय लागते आणि तिच्यावर पावडर किंवा दारू पडली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. आम्ही ती आणली नाही, कारण पुण्याच्या एका डॉक्टरांनी वेळीच सांगितलं. त्यांनी आणखीही सांगितलं: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा, उजाडताच उन्हात चालायला न्या, दुपारनंतर चहा बंद, दिवसा लवंडू देऊ नका, अंधारात मोबाइल देऊ नका. नैराश्याची गोळी सुरू केली तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर ती मधेच सोडू नका. हे सगळं आम्ही पाळतो आणि त्याचा उपयोग होतो आहे, हळूहळू. पण ही माहिती मिळवायला आमच्या सुपा गावापासून नव्वदेक किलोमीटरवर जावं लागलं. कंत्राटी कामगाराला दर आठवड्याला ते परवडत नाही. एका दिवसाची हजेरी जाते, एसटीचं भाडं जातं आणि सोबतच्या माणसाची मजुरीही जाते.

आता कायद्याचं बोलतो, कारण मी भीक मागत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था नाव घेऊन घातल्या आहेत. म्हणजे माझा भाऊ कायद्यानं रुग्ण आहे. याच कायद्याचं कलम 18 सांगतं की रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागता कामा नये, सेवा त्याच्या राहत्या जागेजवळ हवी. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं सोसायचा. आणि आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सदासर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत. आपल्याकडे ती पायरी म्हणजे ग्रामीण रुग्णालय.

त्या यादीत काय आहे? ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी. ती तलफ आणि टर्की दोन्ही आवरते आणि नशा चढू देत नाही, कारण अफूची जागा ती अर्धीच भरते. माणूस झोपतो, कामावर जातो, नैराश्याच्या उपचाराला उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामाचं मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन 2005 सालीच आवश्यक औषधांत घेतली. आपल्या राष्ट्रीय यादीत ब्युप्रेनॉर्फिन 2022 साली आलं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2017 साली अनेक देशांतल्या रुग्णगटांचा एकत्र आढावा छापून आला. ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्यांत वर्षाला दर हजारी 4.3 मृत्यू, उपचार सुटलेल्यांत 9.5. मेथॅडोनवर 11.3, सुटल्यावर 36.1. एवढा फरक एका गोळीनं पडतो.

मी एका सरकारी रुग्णालयात ही गोळी मागितली. उत्तर मिळालं, ‘हे औषध आमच्याकडे येत नाही.’ व्यसनाच्या उपचाराला लागणाऱ्या ताकदीची ही गोळी मेडिकलच्या दुकानात मिळत नाही, ती फक्त व्यसनमुक्ती केंद्रांसाठी पुरवली जाते. गैरवापर होऊ नये म्हणून हे बंधन आहे आणि ते मला मान्य आहे. पण बाहेर विकत मिळू द्यायची नाही आणि सरकारी दवाखान्यातही ठेवायची नाही, मग रुग्णानं जायचं कुठं? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची केंद्रं ती देतात, पण त्यांचा कार्यक्रम सुईनं नशा करणाऱ्यांसाठी आहे, एचआयव्ही रोखण्यासाठी. माझा भाऊ पन्नीवर ओढायचा, गोळ्या गिळायचा. औषध मिळावं म्हणून त्यानं आधी सुई टोचून घ्यायची का?

पैसा नाही, माणसं नाहीत, हे आम्हाला सांगू नका. पंजाबनं ऑक्टोबर 2017 पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ही गोळी द्यायला सुरुवात केली आणि अशी पाचशेहून अधिक केंद्रं उभी केली. पंजाबचा प्रश्न आपल्यापेक्षा मोठा आहे हे खरं. पण दिल्लीच्या एम्सनं केलेली आणि 2019 साली जाहीर झालेली राष्ट्रीय पाहणी काढून बघा. देशात सुमारे 77 लाख लोकांना अफूच्या जातीच्या पदार्थांच्या सेवनासाठी मदतीची गरज आहे आणि अशा रुग्णांचा निम्म्याहून मोठा वाटा ज्या मोजक्या राज्यांत आहे, त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणाच्या सोबत महाराष्ट्राचंही नाव आहे. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांमागे एकालाच कधी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले, असंही तीच पाहणी सांगते. माझा भाऊ त्या विसांतला एक, म्हणजे नशीबवान. त्याची अवस्था मी वर लिहिली आहे. उरलेल्या एकोणीस घरांत रात्री काय चालतं, याची चौकशी कुणी करतं का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा अहवाल आणखी एक आकडा देतो. त्या वर्षी महाराष्ट्रात 22,746 आत्महत्या झाल्या, देशात सर्वाधिक. देशभरातल्या आत्महत्यांपैकी 6.8 टक्क्यांचं कारण व्यसन म्हणून नोंदलं गेलं. नोंदलं गेलं तेवढंच. झोप नसलेला, खचलेला माणूस ‘आजारपण’ किंवा ‘घरगुती कारण’ या रकान्यांतही जाऊ शकतो, हे आम्ही खेड्यातली माणसं जाणतो.

सरकारनं मनावर घेतलं की हालचाल होते, हेही आम्ही पाहिलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला मेफेड्रोनचा कारखाना पोलिसांनी पकडला, पोत्यांचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या एका कंपनीच्या टॅपेन्टाडोल आणि कॅरिसोप्रोडोल मिसळलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जातात हे बीबीसीनं दाखवलं आणि केंद्रानं त्या मिश्रणाच्या निर्मितीला आणि निर्यातीला लगेच बंदी घातली. चांगलं केलं. धाडी घाला, बंदी आणा. पण अफूच्या जातीचा माल बंद झाला की त्याच रात्री हजारो पोरांना टर्की सुरू होते. पुरवठा तोडायचा आणि उपचाराची खिडकी उघडायची नाही, याचा परिणाम एवढाच की तो रुग्ण पहिल्याहून वाईट काहीतरी शोधतो. 2018 साली ट्रॅमाडोल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्यांच्या उपचारासाठी तालुक्याला कोणतं औषध पोचवलं, हे आपल्या विभागानं कागदोपत्री दाखवावं.

आमचा पारनेर तालुका व्यसनाविरुद्ध लढायला तुमच्यासाठी थांबलेला नाही. राळेगणसिद्धी इथून हाकेच्या अंतरावर आहे. दारूची भट्टी बंद करून गाव कसं उभं राहतं हे तिथं अख्ख्या देशानं येऊन पाहिलं. निघोजच्या बायाबापड्या दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं, त्यात पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी आपला पैसा घातला. गर्दचा रुग्ण दाखल करून सोडून देता येत नाही, त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा पाठपुरावा लागतो, हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं. सरकारच्याच आवारात, चाळीस वर्षांपूर्वी. तेवढ्या वर्षांत हे शहाणपण येरवड्याहून पारनेर तालुक्यापर्यंत पोचू नये, याची जबाबदारी आपल्या विभागाची आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी जागा राखली, रस्ते केले, वीज आणली. रात्रपाळी करणारे, गाड्या भरणारे, कंबर मोडून घेणारे हजारो हात इथं आले. त्यांच्यासाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसवा आणि तो वार बाहेरच्या फलकावर लिहा. ब्युप्रेनॉर्फिन तिथं ठेवा, नोंदवहीत सही घेऊन समोर खायला घाला, आम्हाला रोज यायला सांगा, आम्ही येऊ. डिस्चार्ज देताना झोप आणि मन यांची तपासणी करून पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा लिहून द्या. श्वास मंदावला तर द्यायचं नॅलोक्सोनचं इंजेक्शन रुग्णवाहिकेत ठेवा. टेली-मानस मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, तो रात्री तीन वाजता बोलायला आधार देतो. पण फोनमधून गोळी येत नाही. आणि अहिल्यानगर जिल्ह्यात ही गोळी आज नेमकी कोणकोणत्या सरकारी रुग्णालयांत शिल्लक आहे, त्याची यादी गावांच्या नावांसह जाहीर करा. यादी कोरी असेल तर कोरी जाहीर करा.

या वेळी माझा अर्ज दुसऱ्या विभागाकडे पाठवू नये. उत्तरात कायदा समजावून सांगू नये, तो मी वाचला आहे. भावाच्या डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तारखेची जी जागा कोरी सोडली होती, तिथं काय लिहायचं एवढंच कळवावं: कुठलं रुग्णालय, कुठला वार, कुठले डॉक्टर.

आपला,
एका रुग्णाचा थोरला भाऊ
सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर