पांढरा तो पांढराच?

पाऊस ओसरला की आपल्याकडे घरोघरी रंगकामाचे बेत सुरू होतात. दिवाळीआधी पेंटर मोकळा मिळणं म्हणजे नशीबच. यंदा निपाणीच्या आमच्या घराचा नंबर. सोप्यासाठी गाडी दोन रंगांवर येऊन थांबली आहे : आयव्हरी आणि लिनन. बाबा म्हणतात, "दोन्ही पांढरंच की!" आईला एक पिवळट दिसतो, दुसरा तांबूस.

आईची नजर पक्की आहे. वेबपेजच्या ठरीव रंगांतही याच नावांचे दोन रंग आहेत. तिथे शुद्ध पांढऱ्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ असतात. आयव्हरीत फक्त निळा २४० वर उतरतो, म्हणून पिवळी झाक. लिनन २५०, २४०, २३०. लाल सर्वांत वर, म्हणून तांबूस. रंगाच्या डब्यावरचं नाव कंपनीगणिक वेगळी छटा दाखवेल, पण बघायची ती झाकच. शेडकार्डाशेजारी कोरा कागद धरा, लगेच कळते. आज्जीच्या पिढीला हे ठाऊक होतंच. चुना पिवळट दिसू नये म्हणून त्या त्यात चिमूटभर नीळ घालायच्या.

झाक उजेडाप्रमाणे बदलते. खानापूरकडे अंगणात तांबडी माती, समोर कौलं. त्यांवरून आत येणारं ऊनच तांबूस, तिथे लिनन जरा जास्तच चढेल. उत्तरेच्या खोलीत उजेड निळसर असतो, तिथे तोच लिनन ऊबदार वाटतो. रात्री ३००० केल्विनचा दिवा आणि ६५०० ची ट्यूब यांत तर एकच भिंत दोन घरांची वाटते.

आम्ही भावंडं पुण्यात. फोटो मागवून ग्रुपवर मतदान घ्यायचा मोह झाला होता. उपयोग नाही. फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग ओळखून पांढरा आपोआप 'दुरुस्त' करतो, म्हणजे नेमकी झाकच खातो. त्यापेक्षा दोन फुटी प्लायच्या तुकड्यांवर प्रायमर आणि दोन हात मारून ते सोप्यात ठेवलेत. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर जागा बदलून आई बघते. मशीनवर मिसळलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही, तेव्हा एवढी खटपट परवडते.

आणि बाबा? त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नैसर्गिक भिंग पिवळं पडलं की निळा उजेड कमी पोचतो आणि असे फिकट रंग एकसारखे दिसू लागतात. ऑपरेशननंतर कित्येकांना पांढरं एकदम लख्ख, निळसर वाटतं. दिवसभर सोप्यात बसायचं त्यांनाच. म्हणून पेंटरला सांगितलंय, आधी स्वयंपाकघर आणि माडी उरका. सोपा दिवाळीनंतर, बाबांचे दोन्ही डोळे झाल्यावर. प्लायचे तुकडे तोवर कपाटामागे ठेवलेत.