बिडकीनच्या पायऱ्या

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या वाटेवर, बिडकीनच्या शिवारात ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र वसत असता, तेथील इमारतींना उतार हवेत, पदपथ सलग हवेत, यंत्रात हात गमावलेल्या कामगारास पुन्हा कामावर उभे करणारे केंद्र जवळ हवे, असे कोणी म्हटले की, ‘आधी कारखाने तर येऊ द्या, मूठभर अपंगांची तजवीज मागाहून पाहू’ हे उत्तर मोठ्या सौम्य मुद्रेने मिळते. उघड विरोधापेक्षा मला या सौम्यपणाचेच भय अधिक वाटते.

‘मूठभर’ म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, आणि ती मोजणी झाली तेव्हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांपैकी कित्येक यादीतच नव्हते. ‘मागाहून’ हा शब्द तर त्याहून महाग. उभ्या इमारतीची पायरी फोडून फूटभर उंचीला बारा फूट लांबीचा उतार बसविणे म्हणजे अंगण, गटार आणि दरवाजा या तिघांशी नवे भांडण. नकाशावर तोच एका रेघेचा मामला. म्हणूनच त्या कायद्याचे ४४ वे कलम, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगीच नाकारते. आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही, सुगम्यतेच्या किमान अटी केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, त्या बंधनकारकच हव्यात, असे बजावले.

दुसरा पूर्वपक्ष साधनवाटपाच्या शिबिरांचा: तीनचाकी दिली, छायाचित्र निघाले, पुनर्वसन झाले! ती तीनचाकी गल्लीतल्या पहिल्याच गटाराशी अडते, हे पाहण्यास मग कोणी थांबत नाही. बरे, उतार बांधला म्हणजे रोजगार मिळाला असेही नव्हे, हे मला मान्य आहे. सेवेत असता अपंगत्व आलेल्या सरकारी नोकरास काढता येत नाही, असे त्याच कायद्याचे २० वे कलम सांगते. खाजगी कारखान्यातील कामगारास त्या कलमाची ढाल नाही, आणि बिडकीनमध्ये येणार आहेत ते मुख्यत्वे खाजगीच कारखाने.

उरला स्वाभिमानाचा वेष घेतलेला आक्षेप, की पुनर्वसनाचे परदेशी संशोधन आमच्या मातीत कशास? अमेरिकेत जन्मून निंबकरांच्या घरी सून झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली, तिला आपण परकी म्हणणार काय? उलट, पाश्चात्त्यांचा कृत्रिम पाय बुटासाठी घडलेला; मांडी घालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चिखल तुडविणाऱ्या माणसास तो निरुपयोगी, म्हणून कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडविला, आणि तो पुढे सुरुंगांनी पोळलेल्या अफगाणिस्तानापर्यंत पोचला. विद्येची ये-जा अशी दोहों दिशांनी होते. अपंगांच्या हक्कांविषयीच्या ज्या संयुक्त राष्ट्र करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली, त्याचा ३२ वा अनुच्छेद संशोधनातील हेच सहकार्य राष्ट्रांकडून अपेक्षितो.

तेव्हा शहरातील घाटी रुग्णालयाने बाहेरच्या संशोधकांस अवश्य बोलवावे. पण प्रश्न बिडकीनचा द्यावा. दिवसा कारखान्यात यंत्र चालविणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी शेतात कापूस वेचणाऱ्या माणसास एकच कृत्रिम हात दोन्ही कामांना कसा पुरेल, याचे उत्तर कोणत्याही परदेशी प्रयोगशाळेस येथे आल्यावाचून सापडणार नाही.