ओसरी आणि माजघर

गेल्या महिन्यांत धाकटा चिरंजीव सुटींत घरीं आला असतां त्यानें आमच्या राउटरच्या व्यवस्थापनाचें पान उघडलें आणि त्यास जोडलेल्या यंत्रांची यादी मला वाचून दाखविली. घरांतील यंत्रें सारीं मिळून अकरा. यादींत निघालीं सोळा! चौकशी करतां कळलें कीं, शेजारचा परीक्षार्थी मुलगा, वरचे भाडेकरू, समोरचा दुकानदार, ज्यानें मागितला त्यास परवलीचा शब्द मिळाला होता. शब्द तरी कोणता? आमचें आडनांव व माझें जन्मवर्ष! तो ठेवणारा मीच. तेव्हां रागवावयाचें कोणावर? परंतु सूनबाईंचें बँकेचें काम याच वाटेनें चालतें, हें मनांत येऊन मी चरकलों.

राउटर हा घराचा उंबरठा होय. त्यास किल्ल्या दोन: एक वायफायची, दुसरी खुद्द व्यवस्थापनाची. ही दुसरी पुष्कळ घरीं कारखान्यांतून आली तशीच राहते. २०१६ सालीं ‘मिराई’ नामक प्रोग्रॅमनें अशा ठरीव किल्ल्यांच्या साठांहून अधिक जोड्या लावून पाहिल्या आणि जगभरचे कित्येक लक्ष कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्याच माऱ्यानें अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. कुलूप कोणी फोडलें नव्हतें. किल्लीच सर्वांस ठाऊक होती.

‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी. तिचा आंकडा ८ अंकी, म्हणून भक्कम वाटतो. पण शेवटचा अंक केवळ पडताळ्याचा, आणि पहिले चार व पुढील तीन अंक वेगवेगळे तपासले जातात. म्हणजे १०,००० अधिक १,०००, अवघ्या ११,००० प्रयत्नांत दार उघडतें! हा दोष २०११ सालींच उघडकीस आला.

फायरवॉल हा द्वारपाल. आंतून कोणी हांक मारली तर तिचें उत्तर तो आंत येऊं देतो. न बोलावितां आलेल्यास परतवितो. तो सदैव जागा असावा. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. ‘यूपीएनपी’हि बंद असावें, कारण त्याच्या योगें घरांतील एखादें यंत्र आपल्याला न विचारतां दार उघडूं शकतें. राउटरच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ति निघतांच ती घ्यावी आणि संरक्षण ‘डब्ल्यूपीए ३’, निदान ‘डब्ल्यूपीए २’ ठेवावें.

हें सर्व झाल्यावर आमच्या कुटुंबानें आक्षेप घेतला, “शेजारच्या मुलाची परीक्षा तोंडावर आली आहे. त्याला आतां नाहीं कसें म्हणायचें?” आक्षेप रास्त होता. पूर्वीच्या वाड्यांत येणारा-जाणारा ओसरीवर टेके. माजघरांत मात्र घरचींच माणसें वावरत. राउटरांतहि पाहुण्यांसाठीं ‘गेस्ट नेटवर्क’ हें निराळें जाळें असतें. त्यावरून पाहुण्यास इंटरनेट मिळतें, पण आपल्या यंत्रांपर्यंत हात पोंचत नाहीं. चिरंजीवानें तें सुरू करून दिलें, आणि मुलगा आतां आमच्या ओसरीवर निश्चिंतपणें अभ्यास करतो.

वाचकांनींहि येत्या रविवारीं आपल्या राउटरची यादी एकदां वाचावी. आतिथ्य सोडूं नये. पण ओसरी कोठें संपते व माजघर कोठें सुरू होतें, हें घरधन्यास ठाऊक असावें.